परताव्याचं कारण

"ते परत कर," गुरुबसप्पा सकाळचा चहा पिता पिता लेकीला म्हणाले. "तो रेल्वेचा खेळ. ज्याचा हाय त्याला परत दे. खोटा हाय तो."

महेश्वरी ऑफिसचा डबा भरत होती. अप्पांना पैशाची चुटपुट लागली असेल असं तिला वाटलं. "अप्पा, तो काय चाटी गल्लीतनं आणलेला शर्ट आहे का? कॉम्प्युटरवर विकत घेतलाय. एवढं खेळून झाल्यावर कोण परत घेतं?"

"खेळलो म्हणूनच तर कळलं की खोटा हाय म्हणून."

एवढं बोलून ते गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. तिला उशीर होत होता. संध्याकाळपर्यंत विसरतील, असं म्हणून ती निघाली.

गुरुबसप्पा हत्तुरे रेल्वेत ड्रायव्हर होते. आधी मालगाडी, मग पॅसेंजर. सगळी नोकरी कुर्डुवाडीत झाली आणि रिटायर झाल्यावरही ते तिथंच राहिले. रुळांजवळचं घर होतं. अंथरुणात पडल्या पडल्या कुठली गाडी आली, किती उशिरा आली, ते बायकोला, शिवबाईला सांगायचे. दोन वर्षांपूर्वी शिवबाई गेली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून महेश्वरी सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहत होती, ती अप्पांना आपल्याकडे घेऊन आली. इथं पेठेत रिक्षा, भाजीवाले, लाऊडस्पीकर सगळं होतं, गाडी मात्र ऐकू येत नव्हती. अप्पा दिवसदिवस बोलायचे नाहीत. विचारलं तर "बरं हाय" म्हणायचे.

खेळाची कल्पना उमरची. गल्लीच्या तोंडाशी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "ताई, काकांना गाडीच चालवू द्या की," तो म्हणाला होता. त्यानंच एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला, मोठा स्क्रीन लावला. खेळ बाहेरच्या देशातला, पण हौशी लोकांनी त्यात आपल्याकडचं डिझेल इंजिनही बनवून घातलं होतं. ते बघितलं आणि अप्पा खुर्ची ओढून बसले ते जेवायलाच उठले.

दुसऱ्या दिवसापासून ते अंघोळ करून, शर्ट खोचून, चष्मा पुसून खेळायला बसायला लागले. सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचे, "हिरवाऽऽ!" आणि शेजारी असिस्टंट असल्यासारखं स्वतःच उत्तर द्यायचे, "हिरवा!" स्वयंपाकघरात भाकरी थापताना महेश्वरीला हसू यायचं. आई गेल्यापासून पहिल्यांदा घरात अप्पांचा खणखणीत आवाज येत होता. ऑफिसात तिनं सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

मग कधीतरी पुकारणं बंद झालं. त्याऐवजी नुसता हॉर्न यायला लागला, लांबलचक. त्यामागून ब्रेकचा फुस्स आवाज. मग शांतता. परत हॉर्न, परत ब्रेक. एका रविवारी तर दिवसभर तेच चाललं. "काय अप्पा, कुठं अडकलात?" तिनं विचारलं होतं. अप्पांनी मान वर केली नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तर कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला होता.

"लिव्हलंस का त्यांना?" अप्पांनी दारातच विचारलं.

ती तशीच उमरकडे गेली. उमर हसला. "ताई, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला आणि घेऊन दोन आठवडे झाले नसले, तरच पैसे परत मिळतात. काकांनी तर ह्यात आख्खी ड्युटी केली. अर्ज टाकून बघा, पण नाहीच म्हणणार."

तिनं दुकानातल्याच कॉम्प्युटरवर आपला मेल उघडून अर्ज भरला. अर्जात कारण विचारलं होतं. तिनं 'चुकून घेतला' हे निवडलं. उत्तर लगेच आलं. मशीननंच पाठवलेलं, नियम सांगणारं. तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं, पण ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. पुढचे काही दिवस तसेच गेले. कॉम्प्युटरवरचा टॉवेल कुणी काढला नाही.

महेश्वरीला अशी पत्रं लिहायची सवय होती. ती टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तर देणं हेच तिचं काम होतं. कुठल्या शब्दानं समोरचा विरघळतो ते तिला माहीत होतं. तिनं पुन्हा लिहिलं. वडील वयस्कर आहेत, डोळे अधू आहेत, स्क्रीनकडे बघून त्यांना चक्कर येते. या खेपेला कुणीतरी माणसानं उत्तर दिलं. डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवलं तर विचार करू.

"अप्पा, शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ," ती म्हणाली.

"कशाला?"

तिनं सांगितलं. अप्पांचा चेहरा लाल झाला.

"माज्या डोळ्याला काय झालंय? रेल्वेवाले ठरल्या येळेला डोळे तपासून मगच गाडी हातात द्यायचे. आन् तू लिव्हलंस की मला दिसत न्हाई?"

"कारण काहीतरी द्यायला पाहिजे ना, अप्पा. तुम्ही तर नुसतं खोटा आहे, खोटा आहे म्हणता. काय खोटं आहे त्यात?"

"ब्रेक," अप्पा म्हणाले. "त्याचा ब्रेक खोटा हाय."

ती समोर बसून राहिली. मग त्यांनीच सुरुवात केली.

"माढ्याच्या अलीकडं एक वळण हाय. पॅसेंजर घेऊन सोलापूरला येत व्हतो. दुपारची येळ. वळण संपतंय तर म्होरं रुळात बाई. डोक्यावर कडब्याचा भारा, तोंड पार झाकलेलं. मी हॉर्न दिला. हॉर्न दिला की माणूस सरतंच की. रोज किती माणसं सरत्यात. दर माणसाला ब्रेक मारत बसलं तर गाडी सोलापूरला पोचायचीच न्हाई. ही सरली न्हाई. मग ब्रेक टाकला."

महेश्वरीला तो दिवस अर्धवट आठवत होता. ती कॉलेजात होती. अप्पा घरी आले ते परसात गेले. आईनं पाणी तापवून दिलं, त्यांचे कपडे वेगळे टाकले आणि तिला हळूच सांगितलं, आज अप्पांशी बोलायला जाऊ नको. त्यानंतर त्या घरात तो विषय कधीच निघाला नाही.

"पण चौकशीत तुमचा दोष नाही निघाला ना?"

"कसा निघंल? हॉर्न दिला, ब्रेक लावला. दोनीबी केलं. आधी काय आन् मागनं काय, ते कुणी इचारलंच न्हाई. मीबी एवढी वर्सं इचारलं नव्हतं."

"मग आता?"

"ह्या खेळात तसंच एक वळण हाय. इंजिन तेच, डबे मी तेवढेच जोडले. वळणाच्या म्होरं एक खांब हाय. रुळावर माणसं ह्यात येत न्हाईत, म्हणून मी खांबालाच बाई धरली." त्यांनी हात मांडीवर आपटला. "खांब दिसल्या दिसल्या ब्रेक टाकला तर गाडी आधी थांबती. दर खेपेला थांबती, महेश्वरी. हॉर्न देऊन, वाट बघून टाकला तर न्हाई थांबत."

महेश्वरीनं टॉवेल झाकलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं.

"म्हणून म्हणतो खोटा हाय. खरी गाडी इतक्यात थांबत न्हाई. ब्रेक धरायलाच तिला येळ लागतो. पोरासोरांना मजा यावी म्हणून ह्यांनी कडक ठेवलाय. ते त्यांनी कबूल करावं आन् पैसे परत द्यावेत. पैशाचं मला काय न्हाई. पैसे परत दिले म्हंजे कबूल केलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत महेश्वरीनं तिसरं पत्र लिहिलं. या वेळी तिनं शब्द शोधले नाहीत. वडील ड्रायव्हर होते, असं घडलं, तुमच्या खेळात ते असं करून बघत होते, आणि आता त्यांना झोप लागत नाही. तुमच्या खेळातला ब्रेक खऱ्या गाडीसारखा आहे का, एवढं सांगा. नसेल तर तसं लिहा आणि पैसे परत करा. डबा तसाच राहिला.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं तेव्हा ती ऑफिसातच होती. तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, असं लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं. तुमची विनंती आमच्या नियमात बसत नाही. तरीही या एका वेळेपुरतं, केवळ सौजन्य म्हणून, आम्ही पैसे परत करत आहोत. खेळ तुमच्या खात्यातून काढून टाकला जाईल. आमच्या खेळातल्या गाड्या खऱ्या गाड्यांशी कितपत जुळतात, याविषयी आम्हाला काही सांगता येणार नाही.

शेवटचं वाक्य वाचून तिनं डोळे मिटले. टॉवेलचा रंग उतरला, शिवण उसवली, अशी तक्रार आली की ती हेच लिहायची. सौजन्य म्हणून सूट देत आहोत. चूक कुणाची, याविषयी आम्ही काही म्हणत नाही. किती वेळा लिहिलं होतं. समोर ते कोण वाचतं, असा विचार तिनं कधी केला नव्हता.

घरी अप्पा दारातच उभे होते. कॉम्प्युटरवरचा टॉवेल त्यांनी काढला होता. "खेळ गेला," ते म्हणाले. "दुपारी बगितलं तर नव्हता. काय लिव्हलं त्यांनी?"

"पैसे परत दिले, अप्पा."

"म्हंजे कबूल केलं?"

त्यांनी दाराची चौकट धरली होती आणि ते तिच्या तोंडाकडे बघत होते. महेश्वरीनं चप्पल काढायला खाली वाकून म्हटलं, "हो. केलं कबूल. ब्रेक जरा जास्तच कडक आहे म्हणाले."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. "मी म्हणत नव्हतो?"

त्या संध्याकाळी त्यांनी शेंगाचटणी मागून घेतली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दाढी करून आले. मग सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जायला लागले. तिथं बाकावर बसणाऱ्या दोघातिघांशी ओळख झाली. घरी येऊन त्यांच्या गोष्टी सांगायचे. एखाद्या चांगल्या मनाच्या माणसानं जे केलं असतं तेच आपण केलं, असं महेश्वरीला वाटायला लागलं होतं.

एका दुपारी उमरचा फोन आला. त्याचा आवाज उतरलेला होता. "ताई, काका आले होते. कंपनीचं पत्र छापून दे म्हणाले, पेन्शनच्या कागदांत ठेवायचंय. तुमचा मेल इथल्या कॉम्प्युटरवर उघडा होता, मी काढून दिलं. वाचून दाखव म्हणाले, मी दाखवलं. मला काय माहीत, ताई? खुदा कसम, मला वाटलं त्यांना ठाऊक असेल."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. अप्पा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. ओट्यावर कागद होता.

"सौजन्य म्हंजे काय गं?" त्यांनी विचारलं.

"अप्पा..."

"उमर म्हणाला, चांगुलपणा. कंपनीनं चांगुलपणा केला."

"हो."

"तुमचं गिऱ्हाईक टॉवेलला भोक पडलं म्हणून बोंबलतं, तवा तुमी देता तसं?"

"तसंच."

"मग भोक असतं का नसतं?"

"कधी असतं, कधी नसतं." तिचा आवाज बारीक झाला. "आम्ही बघत नाही, अप्पा. देऊन मोकळे होतो."

"तसंच ह्यांनीबी बगितलं न्हाई."

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते कागदाकडे बघत राहिले. ती म्हणाली, चुकलं माझं. मला तुमचं तोंड बघवत नव्हतं. पाहिजे तर खेळ परत विकत घेऊ, परत नीट लिहू, दुसऱ्या कुणाला तरी विचारू.

"नगं," अप्पा म्हणाले. "आता कोण काय म्हणालं तरी मला काय कळणार, त्यांचं हाय का तुझं हाय?"

त्यानंतर घरात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ती म्हणाली, रक्तातली साखर नॉर्मल आली, तर अप्पा हात पुढे करायचे, "कागद दाव." पेन्शन जमा झाली म्हटलं तरी, "पासबुक दाव." आवाजात राग नसायचा. दाखवलं की बघायचे, मान हलवायचे आणि परत द्यायचे. तलावाकडे जाणं बंद झालं.

महेश्वरीला एकच वाट दिसत होती. एका रविवारी तिनं विचारलं, "अप्पा, त्या दिवशी तुमच्यासोबत असिस्टंट कोण होतं?"

"धुळाप्पा. होटगीचा."

"त्यांना विचारलंत कधी?"

"त्यावर ड्रायव्हर लोक बोलत न्हाईत," अप्पा म्हणाले. पण थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच शर्ट बदलला. तिनं अप्पांच्या जुन्या वहीतला नंबर शोधून धुळाप्पांना फोन केला, पत्ता विचारला, येतोय म्हणून सांगितलं आणि अप्पांना स्कूटरवर मागे बसवून होटगीला नेलं.

धुळाप्पांचं घर स्टेशनपासून जवळ, शेताच्या कडेला होतं. ते अप्पांपेक्षा लहान, अजून ताठ. अप्पांना बघून त्यांनी वाकून पाय शिवले. "किती वर्सांनी अण्णा!" त्यांची बायको शांतम्मा ताक घेऊन आली. थोडा वेळ कुणाची बदली कुठं झाली, कोण वारलं, असं बोलणं झालं. मग अप्पा एकदम थांबले.

"धुळाप्पा, माढ्याजवळची ती बाई. आठवती?"

धुळाप्पांनी पेला खाली ठेवला. "न आठवायला काय झालं, अण्णा."

"मी आधी हॉर्न दिला का आधी ब्रेक टाकला?"

"ब्रेक," धुळाप्पा लगेच म्हणाले. "वळण माझ्या बाजूचं व्हतं. बाई आधी मलाच दिसली. मी वरडलो आन् तुमी त्याच दमात ब्रेक टाकला. हॉर्न माझ्या बाजूनं मी दाबला. दाबूनच धरला व्हता. तुमी केवढ्या जोरात हँडल मारलं, मला अजून आठवतंय. तरीबी न्हाई थांबली. थांबणारच नव्हती, अण्णा. लई जवळ व्हती."

महेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अप्पांकडे बघितलं. अप्पा धुळाप्पांच्या तोंडाकडे बारकाईनं बघत होते.

"माझा हात हॉर्नवर व्हता," ते हळू म्हणाले. "मला आठवतंय."

"तो मागनं गेला असंल, अण्णा. आधी ब्रेकच."

"आयतु," अप्पा म्हणाले. झालं, बरं, असं म्हणायचं असलं की ते कानडीत बोलायचे. त्यांनी ताक संपवलं, शांतम्माला मुलाबाळांचं विचारलं आणि उठले. निघताना धुळाप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. अप्पांनी धरू दिला.

परतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, महेश्वरी सावकाश चालवत होती. मागून अप्पांचा आवाज आला.

"फोनवर काय सांगितलंस त्याला?"

तिनं स्कूटर कडेला घेऊन थांबवली. "पत्ता विचारला, अप्पा. येतोय म्हटलं. दुसरं काही नाही. आईची शपथ."

"एवढं सगळं कसं त्याला नीट पाठ? तो वरडला, मी त्याच दमात टाकला. हॉर्न त्यानं दाबला. येक बी गोष्ट अडखळली न्हाई."

"कारण तसंच झालं असेल. ते तिथं होते!"

"आसंल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना परत फोन लावू? तुम्ही बोला, विचारा."

"नगं. असू दे." त्यांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. लहानपणी ती परीक्षेत नापास झाली होती तेव्हा थोपटलं होतं तसं. "माझ्या चांगल्यासाठीच केलंस. मला राग न्हाई."

तिनं वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच राग नव्हता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, या वेळी नाही, या वेळी मी काहीच केलं नाही. पण ते कितीही वेळा सांगितलं असतं तरी तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. एक ट्रॉली शेजारून गेली, धूळ उडाली. अप्पांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "चल. ऊन चढायच्या आत घरी जाऊ."

तिनं स्कूटर चालू केली.